चांगुणा आहेर विरुद्ध लता ढोमसे

१९७९ सालच्या जून महिन्यात नाशिक जिल्ह्यात शासनाच्या दप्तरी दोन स्त्रिया नांदत होत्या. पहिली, चांगुणा निवृत्ती आहेर, मॅट्रिक झाली होती, सहायक परिचारिकेचे प्रशिक्षण उत्तम गुणांनी पुरे करून सरकारी नोकरीला लागली होती, आणि एकाहत्तर सालच्या वैशाखात कोणतेही कारण न देता नाहीशी झाली होती. दुसरी, लता रंगनाथ ढोमसे, कोणत्याही शाळेत कधी गेली नव्हती, तिला जन्मतारीखसुद्धा नव्हती. परंतु त्याच वैशाखापासून लासलगावजवळच्या एका उपकेंद्रावर ती आठ वर्षे बायकांची बाळंतपणे करीत होती. या दोघी एकाच देहात राहतात, एकच छत्री वापरतात आणि एकाच डब्यातली भाकरी खातात, हे गावात सर्वांना ठाऊक होते. दप्तराला ते ठाऊक नव्हते. आणि दप्तराला जे ठाऊक नाही ते सिद्ध करण्याची जबाबदारी नेहमी देहाची असते.

या द्वैताचे मूळ तांदळात होते. लग्नानंतर सासरच्या पहिल्या पूजेत रंगनाथ ढोमसे याने ताटात पसरलेल्या तांदळांवर अंगठीने 'लता' अशी दोन अक्षरे काढली. "चांगुणा म्हणजे अगदीच जात्यावरचं नाव," असा अभिप्राय त्याच्या बहिणीने दिला, बायका हसल्या, आणि तेच तांदूळ गोळा होऊन दुसऱ्या दिवशी शिजलेही. अक्षरे गेली, नाव उरले. ते नोकरीच्या पुस्तकात चढवायला लग्नपत्रिकेची एक प्रत आणि आठ दिवस पुरले. स्त्रीचे नाव पुसण्याइतके वेगवान काम त्या कार्यालयात दुसरे कोणतेही झाल्याची नोंद नाही.

चौऱ्याहत्तर साली रंगनाथ सातपूरच्या एका कारखान्यात लागला. आधी तो दर आठवड्याला येई, मग सणाला, मग येईनासा झाला. चांगुणा मात्र त्याच्याच गावात राहिली, कारण 'पतीच्या गावी नेमणूक' ही सवलत तिला मिळालेली होती. पती त्या गावात नव्हता, सवलत होती. उपकेंद्र भरत होते ते तिच्या दिराच्या ओसरीवर. ओसरीमागच्या खोलीत ती राही, आणि गेल्या वर्षापासून तो दीर भर दुपारी दाराशी उभा राहून "भाऊ नसला म्हणून काय झालं, आम्ही हायेतच की" असे बोलू लागला होता. पहिल्यांदा तो दाराबाहेर उभा होता. मेमध्ये तो उंबऱ्याच्या आत आला आणि तिने उकळत्या पाण्यातली कात्री चिमट्याने उचलून हातात धरली, तेव्हा हसत परत गेला. तिने बदलीसाठी तीन अर्ज केले. तिन्हींवर एकच शेरा आला: पतीपासून दूर बदली करणे धोरणात बसत नाही.

म्हणूनच शहरातल्या एका परिचर्या विद्यालयाने त्या वर्षी काढलेली जाहिरात तिने घडी घालून पोलक्यात ठेवली होती. कामावर असलेल्या सहायक परिचारिकांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम: साडेतीन वर्षांचे शिक्षण दीड वर्षात, वसतिगृहात राहणे सक्तीचे, नंतर रुग्णालयात नेमणूक. जागा बारा, अर्ज तीनशेवर. अटी चार. शिक्षणाची प्रमाणपत्रे हवीत. सेवा पाच वर्षांची हवी. वयाची तीस वर्षे पूर्ण झालेली नसावीत. आणि उमेदवार अविवाहित, विधवा अथवा परित्यक्ता असावी. कारण नवरा असलेली बाई आजाऱ्याची सेवा एकाग्रतेने करू शकत नाही, असे नियम करणाऱ्यांचे मत होते, आणि त्यांना बायका होत्या. चांगुणेला ऑगस्टमध्ये तीस पुरी होणार होती. पुढचे वर्ष तिच्यासाठी नव्हते.

विद्यालयाचे हेडक्लार्क खंडेराव यांनी तिचा अर्ज दोन्ही बाजूंनी पाहिला, मग चष्म्यावरून तिला पाहिले.

"या चांगुणाबाई कोण? भगिनी तुमच्या?"

"मीच, भाऊसाहेब."

"मग लताबाई?"

"त्याही मीच. लग्नातलं नाव आहे."

"म्हणजे एका अर्जात दोघी! बाई, जागा बारा. तुम्ही एकट्याच दोन अडवणार?" शेजारच्या टेबलावरून कुणीतरी दाद दिली. खंडेराव खुलले. "बघा हं. चांगुणाबाईंना शिक्षण आहे, पण त्यांची सेवा तीनच वर्षं. लताबाईंची सेवा आठ वर्षं, पण त्या अडाणी. मी घेऊ कुणाला?"

"एकच बाई आहे हो. तुमच्यासमोर उभी आहे."

"उभी आहे ते मला दिसतंय. कागदाला डोळे नसतात."

उपाय दोन होते. राजपत्रात नावबदल छापून आणणे, ज्याला सहा महिने लागत. किंवा नवऱ्याचा लेखी जबाब: की चांगुणा व लता एकच, आणि की मी हिला टाकलेली आहे. छाननी आणि मुलाखत तीस जूनला. त्या दिवशी अकरा तारीख होती.

जीव व ब्रह्म एकच आहेत हे सांगायला आपल्याकडे आचार्यांनी भाष्यांवर भाष्ये रचली. त्यांना एक सोय होती, ब्रह्माला सातपूरला जाऊन जबाब आणावा लागत नव्हता. चांगुणा गेली.

कारखान्याची पहिली पाळी सुटली होती. पत्र्याच्या चाळीत तिसऱ्या खोलीच्या दारात रंगनाथ बनियनवर बसून सायकलची चेन पुसत होता. तिला पाहून तो उठला नाही. फडके मात्र खाली ठेवले.

"तू? कोण गेलं का गावाकडं?"

"कोणी गेलं नाही. एका कागदावर सही हवी." तिने उभ्या उभ्याच सगळे सांगितले.

त्याने कागद वाचला. ओठ हलवत, पुन्हा एकदा. "मी हिला टाकलेली आहे... हे कुणी सांगितलं लिहायला? वकिलानं?"

"विद्यालयानं."

"वा. म्हणजे उद्या तू हाच कागद कोर्टात नेणार. पोटगी घेणार, वर पहिली असताना दुसरी केली म्हणून मला आत घालणार. नोकरी जाईल माझी."

"मला तुझं काही नको. मला तिथून निघायचंय. तुझा भाऊ घरात शिरतो."

रंगनाथने फडके उचलून पुन्हा चेन पुसायला घेतली. मग म्हणाला, "असं लिहून देतो, की तू आपल्या मनानं गेलीस."

"मी तुझ्याच गावात आहे, रंगनाथ. तू गेलास."

"मग मेलो म्हणून लिही! तुला विधवाही चालते ना? माझं काय जातंय."

"ओ!" आतून एक बाई बाहेर आली. पंचविशीची, कपाळावर मोठे कुंकू, हात पिठाचे. "अभद्र नका बोलू. तुमी मेला तर माझं काय? मी काय उघड्या कपाळानं फिरू?"

"तू आत जा, लता," रंगनाथ म्हणाला.

चांगुणेने एक पाऊल पुढे टाकले. हाक तिलाच होती असे तिला वाटले. आठ वर्षांची सवय होती. पण तो पाहत होता त्या दुसरीकडे.

मग तो चाचरत बोलला, आणि जे बोलला त्यात लबाडीपेक्षा आळसच अधिक होता. कारखान्यात लागताना कामगार विम्याच्या कार्डावर बायकोचे नाव 'लता' असे पडले होते. रेशनकार्डावरही तेच. पुढे ही आली, तिचे नाव कुसा. आता सगळे फॉर्म पुन्हा कोण भरणार? म्हणून त्याने देवळात हार घातले, खोलीवर येऊन ताटात तांदूळ पसरले, आणि अंगठीने तीच दोन अक्षरे काढली. दवाखान्यात कुणी विचारले नाही. रेशनच्या दुकानात कुणी विचारले नाही. शासनाच्या लेखी लता रंगनाथ ढोमसे ही सातपूरला नवऱ्यापाशी सुखाने राहत होती. तिला टाकण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

कुसा तिच्यामागे रस्त्यापर्यंत आली. चांगुणेने तिचा हात धरला. तिने याआधी कुणाचा हात असा धरला नव्हता; लोक तिचा धरत.

"तू तरी लिहून दे. माझं नाव कुसा, एवढंच. बाकी काही नको."

कुसाने हात सोडवला नाही. "ताई, तुमाला दोन नावं हायेत. मला हे एकच, ते बी तुमचं. ते अंगावर हाय तवर मी बायको. काडलं की ठेवलेली. चाळीतल्या बाया मला पान्याच्या नळावर उभं करनार नायत." मग ती म्हणाली, "तुमी लय शिकलेल्या. तुमाला कायतरी सुचंल."

त्यानंतरचे आठ दिवस चांगुणेला काहीही सुचले नाही. ती सरपंचाकडे गेली. सरपंच दिराचा मामेसासरा होता. वडिलांकडे, निवृत्ती आहेरांकडे गेली, त्यांनी सारे ऐकून घेतले आणि "पोरी, लोकांना काय सांगू?" एवढाच प्रश्न विचारला, जणू लोक उत्तरासाठी अंगणात ताटकळत होते. खोलीच्या दाराला आतून लावायला तिने नवी कडी आणली. दिराने सुतार परत पाठवला, घर त्याचे होते. ती बाळंतिणींच्या घरी मुक्काम करू लागली, आणि ज्या रात्री कुणी अडलेले नव्हते त्या रात्री कुणीतरी अडावे अशी इच्छा तिच्या मनात आली. त्या इच्छेची तिला जी शरम वाटली ती कोणत्याही रकान्यात बसणारी नव्हती.

एकोणीस तारखेला ती पुन्हा खंडेरावांपुढे उभी राहिली. रडणार नाही असे ठरवून गेली होती. रडली. खंडेराव वाईट मनुष्य नव्हते. रडणाऱ्या बाईपुढे ते तत्त्वचिंतक होत.

"बाई, पाणी प्या. हे बघा, या राज्यात विनंतीअर्ज मुंगीच्या पायानं जातो. निनावी अर्ज जीपनं जातो. तुमच्यावर कोणी निनावी अर्ज केला असता ना, तर आठ दिवसांत तुमची सात पिढ्यांची नावं शोधून काढली असती त्यांनी!" आणि ते स्वतःच्या विनोदावर हसले.

चांगुणा पाणी न पिता निघून गेली. पोस्टातून तिने एक आंतरदेशीय पत्र घेतले आणि तिथल्याच कलत्या टेबलावर, दोरीला बांधलेल्या टाकाने, डाव्या हाताने लिहिले:

'मा. साहेबांचे सेवेशी. आपल्या खात्यात लता रंगनाथ ढोमसे या नावाने नोकरी करणारी बाई ही खरी लता नसून चांगुणा निवृत्ती आहेर नावाची दुसरीच बाई आहे. खरी लता सातपूरला नवऱ्याजवळ राहते. आठ वर्षे शासनाची फसवणूक चालू आहे. चौकशी व्हावी. एक जागरूक नागरिक.'

आपल्या आयुष्याचा इतका बिनचूक सारांश तिने यापूर्वी कोणत्याही सरकारी कागदावर लिहिलेला नव्हता. कदाचित त्यामुळेच त्याला सही लागली नाही.

जीप चौथ्या दिवशी आली. चौकशी अधिकारी तरुण होते, कर्तव्यदक्ष होते, आणि लबाडी पकडण्याच्या आनंदाने त्यांना तहानभूक राहिली नव्हती. त्यांनी चांगुणेला तिच्याच प्रसूती रजिस्टरापुढे बसवून वीस ओळी लिहायला लावल्या. मॅट्रिकच्या अर्जावरची सही मागवली. प्रशिक्षणाच्या वेळचा फोटो मागवला, त्याशेजारी तिला उभे केले, डावीकडून, उजवीकडून. गावातल्या बायका ओळीने ओसरीवर आल्या. दिराने साहेबांना चहा पाठवला. साहेबांनी तो परत केला, आणि त्या एका कृतीसाठी चांगुणेने त्यांना मनातल्या मनात पुष्कळ क्षमा केली.

"ही बाई कोण?" त्यांनी सगुणाबाई दाईला विचारले.

"नर्सबाई."

"नाव?"

"नावानं कोन हाक मारतंय तिला?"

"आजी, नाव सांगा. चांगुणा की लता?"

"लगीन व्हायच्या आदी चांगुणा म्हनायचे, मंग लता म्हनाया लागले. सायबा, कनगीला टोपली म्हनलं म्हनून दाने बदलत्यात व्हय? माज्या सुनंचं आडवं मूल हिनंच फिरवलं. हात तोच हाय. हाताला ईचार की."

अधिकाऱ्यांनी तेही लिहून घेतले, शुद्ध भाषेत.

जे सहा महिन्यांच्या विनंतीला जमणार नव्हते ते पाच दिवसांच्या संशयाने साधले. अठ्ठावीस तारखेला त्यांनी तिला कार्यालयात बोलावून निष्कर्ष वाचून दाखवला. एक: चांगुणा निवृत्ती आहेर व लता रंगनाथ ढोमसे या नावांनी सेवा करणारी स्त्री एकच आहे, अकरा वर्षांची सेवा तिचीच. दोन: श्री. ढोमसे यांचा जबाब, रेशनकार्ड व विमाकार्ड पाहता त्यांची पत्नी लता ही सातपूर येथे त्यांच्यासमवेत राहते. सबब सदर कर्मचारी त्यांची पत्नी नाही. ती अविवाहित आहे. तीन: अधिकार नसताना विवाहित नाव धारण केल्याबद्दल तिला सक्त ताकीद देण्यात येत असून सेवापुस्तकात मूळ नाव पूर्ववत करण्यात यावे.

चारही अटी पुऱ्या झाल्या होत्या. चौथी तर तिने न मागितलेल्या शब्दाने.

"निष्कर्ष मान्य असेल तर खाली सही करा, प्रत लगेच मिळेल," अधिकारी म्हणाले. "मान्य नसेल तर फेरचौकशी. त्याला वेळ लागतो." मग त्यांनी रजिस्टराचे एक पान उलगडले. "एक किरकोळ बाब राहिली. त्र्याहत्तर सालच्या श्रावणात तुमच्या उपकेंद्रावर एक प्रसूती आहे. माता लता रंगनाथ ढोमसे. मुलगी. अकराव्या दिवशी मृत. ही नोंद अर्थात सातपूरच्या बाईंची धरली आहे. बरोबर ना?"

चांगुणेने पान पाहिले. अक्षर तिचेच होते. बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी उठून ती नोंद तिने स्वतः केली होती, कारण रजिस्टर भरणारे दुसरे कोणी नव्हते. आणि अकराव्या दिवशी शेवटच्या रकान्यातला शब्दही तिनेच लिहिला होता.

"बरोबर ना, बाई?"

त्र्याहत्तर साली कुसा तिच्या माहेरी शेरडे राखत असेल. रंगनाथने तिला पाहिलेही नव्हते. हे सांगायला एक वाक्य पुरले असते, आणि त्या वाक्यानंतर फेरचौकशी, आणि फेरचौकशीनंतर ऑगस्ट, आणि ऑगस्टनंतर ओसरीमागची खोली, जिच्या दाराला आतून कडी नव्हती.

"बरोबर," ती म्हणाली आणि सही केली.

तीस तारखेला विद्यालयात साठजणी आल्या होत्या. खंडेरावांनी तिचे कागद तीनदा वाचले. "कुमारी चांगुणा निवृत्ती आहेर," ते हळूच म्हणाले, आणि त्यांच्या नोकरीत बहुधा प्रथमच त्यांना कोटी सुचली नाही. मुलाखतीत तिला बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नसेल आणि डॉक्टर वीस मैलांवर असेल तर काय कराल, असे विचारले. तिने सांगितले. समितीतला डॉक्टर मध्येच लिहायचे थांबून ऐकू लागला. शेवटी एक छापील तक्ता आला: नाव, वय, वैवाहिक स्थिती, अपत्ये. शेवटच्या रकान्यात तिने कार्यालयीन रीतीने लिहिले: निरंक.

निवड झालेल्या बाराजणींत तिचे नाव तिसरे वाचले गेले. राहिली ती शारीरिक तपासणी. पडद्याआड एक उतारवयाच्या सिस्टर होत्या, याच विद्यालयात शिकवणाऱ्या. त्यांनी वजन घेतले, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, तिला आडवे व्हायला सांगून लुगडे थोडे खाली सारले. पोटावरून त्यांचा हात फिरला आणि थांबला. त्या हाताने हजार पोटे पाहिली होती. कातडीवरच्या फिकट रेघा त्याला वाचता येत होत्या. तिथे नाव बदलण्याची सोय नसते.

सिस्टरांनी तक्त्याकडे पाहिले. निरंक. पडद्यापलीकडे खंडेराव पुढच्या मुलीला कागद लावून ठेवायला सांगत होते.

"सिस्टर," चांगुणा छताकडे पाहत म्हणाली, "मला परत पाठवू नका."

सिस्टरांनी लुगडे वर ओढून नीट केले. मग तक्त्यावर 'उदर: प्राकृत' असे लिहून त्यांनी सही केली, आणि पेनला टोपण लावता लावता, पडद्याबाहेर जाऊ नये इतक्या खालच्या आवाजात विचारले, "मुलगा होता का मुलगी?"

"मुलगी."

"नाव काय ठेवलं होतं?"

"अकराव्या दिवशी गेली," चांगुणा म्हणाली. "बारसं व्हायचं होतं."